माझ्या नावाचा दगड

कृष्णोजी,

मला शेरे लिहिता येतात, श्रद्धांजली लिहिता येत नाही. नोकरीतली सगळी वर्षे मी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. आलेला माल पाहायचा, मापायचा आणि दोष सापडला तर परत पाठवायचा, हे माझे काम होते. तू गेल्यावर तुझ्या घरी जमलेली माणसे तुझ्याविषयी जे बोलत होती, ते मी कोपऱ्यात उभा राहून ऐकले. मोठ्या मनाचा. सदा हसतमुख. कधी कुणाला दुखावले नाही. यांतले एकही विधान तपासणीत टिकले नसते. मला तू नियमितपणे दुखावलेस, आणि त्यात तुला आनंद होत असे.

पश्चिमवाहिनीला कावेरीत अस्थी सोडून परतताना तुझा मेव्हणा गाडीत म्हणाला, “लास्टपर्यंत लहान पोरासारकं कंप्युटर गेम खेळत होते बगा.” त्याला ते कौतुकाने म्हणायचे होते. मी त्याला सांगितले की, लहान पोराला तो खेळ झेपला नसता. मोठ्यांनाही क्वचितच झेपतो. मग तुझे हिनकलचे घर येईपर्यंत मी त्याला त्या खेळाचे नियम समजावत होतो.

हे लिहिण्याचे कारण एवढेच की आपला वाद अर्धा राहिला आहे. वाद अंगाशी आला की तू उठून कॉफी सांगायला जायचास. या वेळी तू त्याहून लांब गेलास. माझे म्हणणे अजून संपलेले नाही.

तुझी ओळख मला एका शब्दाने झाली. मी साताऱ्याहून म्हैसूरला नुकताच आलो होतो. सकाळच्या नंजनगूडच्या गाडीत तू समोर बसलास, माझ्या हातातले टपालाने आलेले मराठी वर्तमानपत्र पाहिलेस आणि म्हणालास, “तुमी मराठी? आमी बी मराठीच मत्ते.” मी विचारले, “मत्ते म्हणजे काय?” तू थोडा विचार केलास. “मत्ते म्हंजे... मत्तेच.” तुझे पूर्वज इथल्या फौजेत चाकरीला आले आणि इथलेच झाले. येताना त्यांनी मराठी आणली होती. पुढे तिच्यावर कुणी झाकण ठेवले नाही, असे माझे त्या दिवशी मत झाले. कन्नडमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘पुन्हा’ असा होतो, ‘मग’ असा होतो आणि ‘नाहीतर काय’ असाही होतो. तू तो तिन्ही अर्थांनी वापरायचास, आणि पुष्कळदा कोणत्याच अर्थाने नाही. वाक्य संपले हे समोरच्याला कळावे म्हणून शेवटी खुंटी ठोकावी तसा तो शब्द तू ठोकायचास.

मी तुझी भाषा दुरुस्त करू लागलो. तुला त्याचा राग आला नाही. राग आला असता तर दुरुस्ती झाली असती.

कारखान्यात संगणक आले तेव्हा आपण दोघेही तरुण राहिलो नव्हतो. तू विजेच्या विभागातला. तुला त्या यंत्राच्या पोटात काय आहे ते पाहायचे होते. काही दिवसांनी तू घरी एक जुना संगणक जोडलास आणि कुठून तरी त्या खेळाच्या तबकड्या आणल्यास. सहा जणांची टोळी घेऊन एका उजाड मुलखातून चालायचे. भेटेल त्याच्याशी बोलायचे. काय बोललो यावर पुढचे ठरे. लढाई पाळीपाळीने, बुद्धिबळासारखी. पडद्यावर चित्र थोडे आणि मजकूर फार. मी पहिल्या दिवशी म्हणालो की हा पोरखेळ आहे. पुढच्या रविवारी मी आलेखाचा कागद आणि टोकदार पेन्सिल घेऊन आलो.

नकाशे मी काढले. वाचन तुझ्याकडे होते, कारण माझी नजर कागदावर असे. पडद्यावरचे इंग्रजी तू मोठ्याने वाचायचा नाहीस. वाचता वाचता तुझ्या त्या मराठीत सांगायचास, आणि प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढायचास. नावाड्याचा घोगरा. पुजारिणीचा तुझ्या आत्यासारखा, नाकातला. राजाचाही एक आवाज होता.

“तिगं जाऊन खजिना आणा म्हनतोय. नाहीतर मान कापतो मत्ते.”

“राजा ‘मत्ते’ म्हणत नाही,” मी म्हणालो.

“म्हैसूरचा राजा हाय. म्हनतो.”

“हा राजा म्हैसूरचा नाही.”

“माज्या घरात बसून बोलतोय, अल्वा? मग म्हैसूरचाच.”

या ‘अल्वा’ला मी ‘नाही का’ म्हणावे असे सुचवले होते. तू ते ऐकले नाहीस.

त्या खेळाच्या मालिकेचे तीनही भाग आपण असे खेळलो. पुरे व्हायला वर्षे लागली. तिसऱ्या भागात उत्तरेच्या डोंगरात एक दगडी दरवाजा होता. तो उघडत नसे. आपण सगळे उपाय केले. किल्ल्या, मंत्र, पहाटे जाणे, टोळीतल्या प्रत्येकाला पुढे करून पाहणे. पुढे कळले की तो उघडण्यासाठी केलेलाच नव्हता. खेळ करणाऱ्यांना वाटले, इथे एक दरवाजा असावा, म्हणून केला. तू वैतागलास. मला ते पटले. नकाशावर त्याच्यामागची जागा मी कोरी सोडली, आणि त्या संपूर्ण नकाशात तेवढाच भाग मला आजही स्पष्ट आठवतो.

नंतर ती कंपनी बुडाली. मालिकेचे नाव विकले गेले. ज्याने ते विकत घेतले त्याने त्या नावाखाली फोनवर फळे जुळवण्याचा खेळ काढला. मी म्हणालो, प्रकरण संपले. आपण निवृत्त झालो. रविवारी आपण भेटत राहिलो, पण हातात काही नसे; तू राजकारणावर बोलायचास आणि मी तुझी वाक्ये दुरुस्त करायचो.

मग एका रविवारी तू जिना धापा टाकत चढून आलास.

“राव, आपले जुने लोक परत गेम करतायत!”

“कोण आपले?”

“तेच! पैला गेम केलेले. आता म्हातारे झालेत. कंपनी-बिंपनी नाही. लोकांकडनं वर्गणी घेऊन करनार. स्पिरिच्युअल सक्सेसर म्हनतात त्याला.”

“मराठीत सांग.”

तू छताकडे पाहिलेस. “आत्म्याचा वारस.”

मी तुला त्याच वेळी सांगितले, आणि आज पुन्हा सांगतो: आत्म्याला वारस नसतो. वारस मालमत्तेला असतो. यांच्याकडे नाव नाही, जुनी पात्रे नाहीत, जुना मुलूख नाही. ते सारे फळे जुळवणाऱ्याकडे गेले. उरली ती फक्त आठवण, आणि ती यांची एकट्यांची नव्हती, आपलीही होती. आपलीच आठवण आपल्याला आगाऊ पैसे घेऊन विकायची, याला मी व्यवहार म्हणतो. वारसा म्हणत नाही.

तू वर्गणी भरलीस. मग रोज संध्याकाळी मला फोन करून आकडा कुठवर चढला ते सांगू लागलास. आकड्यापेक्षा मला त्यांच्या आश्वासनांचे नवल वाटले. वर्गणी एका टप्प्याला पोचली की आणखी एक शहर. पुढच्या टप्प्याला आणखी एक सोबती. त्यापुढे गड बांधण्याची सोय. त्यापुढे मासेमारी.

“मासेमारी कशासाठी?” मी विचारले.

“लोकांना पायजे.”

“जुन्या खेळात होती?”

“नव्हती. म्हनून तर पायजे मत्ते.”

ज्या मालाचे मोजमाप गिऱ्हाइकाच्या उत्साहाबरोबर वाढत जाते, तो माल मी फाटकातूनच परत पाठवला असता. ते खेळ बनवत नव्हते. लग्नातल्या जेवणाचे पदार्थ ठरवत होते. प्रत्येक व्याह्याचा मान राखून.

तो खेळ कबूल केलेल्या वेळेच्या फार मागाहून आला. तुझ्याच घरी, तुझ्या नव्या संगणकावर आपण तो उघडला. माझे शेरे तुला तोंडी दिले होते. आता लेखी देतो.

प्रत्येक वळणावर जुन्या खेळाची खूण टांगलेली होती. दुकानदाराचे नाव जुन्या नावाड्यासारखे, तलवार जुन्या तलवारीची बहीण, सराईच्या भिंतीवर जुन्या टोळीचे चित्र. एखाद्या पाहुण्याने घरी यावे आणि आपल्या गेलेल्या वडिलांच्या लकबी दिवसभर करून दाखवाव्यात, तसे ते होते. डोंगरात तो दगडी दरवाजाही ठेवला होता. वर्गणीदारांचा आग्रह पडला म्हणून या वेळी तो उघडत होता. आत एक दुकान होते.

आणखी एक दोष मी त्या वेळी सांगितला नव्हता. नव्या खेळात सगळी पात्रे स्वतः बोलत. कसलेल्या नटांचे आवाज होते. तोही वर्गणीचाच एक टप्पा. राजा बोलला, पुजारीण बोलली, सगळे शुद्ध, खणखणीत इंग्रजी बोलले. तुला काही करायचे उरले नाही. तू हाताची घडी घालून ऐकत बसलास. मी नकाशाचा कागद काढला तेव्हा तू म्हणालास की आता नकाशा आपोआप निघतो. तो सगळा दिवस आपण दोघे एका यंत्राकडे पाहत बसलो होतो. हा दोष मी सर्वांत गंभीर मानतो.

तुला मात्र तो खेळ आवडला. मी दोष सांगत गेलो, तू मान डोलावत गेलास, आणि शेवटी म्हणालास, “राव, तुमाला वारस नकोच हाय. तुमाला म्हातारा परत पायजे.”

आणि उठून कॉफी सांगायला गेलास. उत्तर द्यायचे राहिले. आता देतो. होय. मला तोच परत हवा होता. त्यात चूक काय, हे तू अद्याप सांगितलेले नाहीस.

त्याच खेळात एका गावाबाहेर दफनभूमी होती. ज्यांनी जास्त वर्गणी दिली होती त्यांना तिथे एकेक दगड मिळाला होता. त्यावर हवा तो मजकूर. आपण सगळे दगड वाचले. कुणाचा कुत्रा. कुणाची प्रेयसी, जी जिवंत होती. कुणाचा अचकट विनोद. कुणी नुसतेच आपले नाव मोठ्या अक्षरांत. ज्या गावात कथेप्रमाणे महामारीने माणसे मरत होती, त्या गावात हे. मी म्हणालो, किल्ल्याच्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारे आणि हे, एकाच जातीचे लोक. तू काही बोलला नाहीस. तुझ्या गप्प बसण्याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

वर्ष-दोन वर्षांनी त्याच मंडळींनी दुसऱ्या खेळासाठी हात पसरले. तू पुन्हा वर्गणी भरलीस. मी विषय काढायचा नाही असे ठरवले होते. हुणसूर रस्त्यावरच्या त्या हॉटेलात, उभ्याने कॉफी पिताना, विषय तूच काढलास.

“राव, तुमचा दगड बसवला.”

“कसला दगड?”

“वीरगळ मत्ते. नव्या गेममदे.”

मला वाटले, तू थट्टा करतोस. तू कप खाली ठेवलास आणि गुन्ह्याचा तपशील क्रमाने दिलास. या वेळी दगडाच्या हक्काएवढी वर्गणी तू भरली होतीस. दगड माझ्या नावाचा होता. त्यावरचा मजकूर तू आपल्या भाषेत रचून रोमन अक्षरांत पाठवला होतास, आणि आता तो मला तोंडपाठ म्हणून दाखवलास:

“गणपतराव हितं निजलेत. काय बी इचारू नका. सांगत बसतील मत्ते.”

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. त्याला मराठी येत होती, हे दुर्दैव.

“मी मेलेलो नाही,” मी म्हणालो.

“गेम निघायला टाइम हाय.”

“ही थट्टा झाली?”

“थट्टा कसली? तुमी मोठे. आधी तुमीच जानार, अल्वा? मग मी एकटा काय करू? गेम लावनार, तिगं जाऊन बसनार. कोन तरी भेटायला नको?”

“त्यांना या मजकुरातले काय कळणार?”

“त्यांच्यासाठी लिवला नाही राव.”

मी तुला माझे नाव काढायला सांगितले. तू म्हणालास, “बघू या.” तुझ्या भाषेत ‘बघू या’ म्हणजे ‘नाही’, त्या भाषेचा हा एक तरी नियम पक्का होता. पुढे दर भेटीत मी विचारायचो, “काढलेस?” तू म्हणायचास, “बघू या.” शेवटच्या फोनवरही आपले हेच बोलणे झाले. मी त्याबद्दल पश्चात्ताप करावा अशी अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. जिवंत माणसाचे नाव दगडावर घालणे गैर आहे. तेव्हाही होते.

तू गेल्यानंतरच्या आठवड्यात तुझ्या मुलीचा, अनूचा, फोन आला. तिच्या आवाजात रडणे होते आणि हसणेही.

“काका, तुम्ही एक्स्पायर झालात म्हणून अप्पांना कंडोलन्स आलंय.”

मी तिला पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावले. त्या मंडळींनी तुझ्या पत्त्यावर संदेश पाठवला होता. खेळाचा मजकूर आता कायमचा बंद होणार. त्याआधी दगडावरचे नाव आणि ओळी बरोबर आहेत का ते कळवा. तुमच्या दिवंगत मित्राविषयी आम्हाला दुःख आहे.

“मी उत्तर देते,” अनू म्हणाली. “तुमचं नेम काढते आणि अप्पांचं घालते. तुम्हाला ते नकोच होतं ना? सगळं क्लिअर होतं.”

मी म्हणालो, “मी येतो. आधी काही पाठवू नकोस.”

हिनकलच्या घरी तुझी खुर्ची तशीच होती. मी स्टूल घेतले. अनूने स्वतःचा मजकूर तयार ठेवला होता, इंग्रजीत. प्रेमळ पिता, सच्चा मित्र, सदैव आमच्या हृदयात. मी वाचून परत दिला.

“कसा आहे?”

“हा कुणाच्याही बापाबद्दल लिहिता येईल.”

तिचा चेहरा कठीण झाला. “मग काय लिहू काका? मला तुमच्यासारखं मराठी येत नाही. अप्पांसारखं बी येत नाही. नदीत सोडून आलो आपण त्यांना. कुठं जाऊन बसू मी? हितं तरी एक जागा हाय, नेम घालायला. एवढंच मागते.”

तिचे म्हणणे वाजवी होते. मी तसे कबूल केले. मग म्हणालो, “दगड दाखव.”

वर्गणीदारांना खेळ आधी पाहायला मिळतो, म्हणून तो तुझ्या संगणकावर होता. तिला खेळता येत नव्हते. मीच बसलो, स्टुलावरून हात पोचेना, तेव्हा तुझ्या खुर्चीत बसावे लागले. नव्या खेळाबद्दल माझे मत सांगायचे तर पहिल्यापेक्षा वाईट आहे. टोळीतला प्रत्येक सोबती विचारल्यावाचून स्वतःचे दुःख सांगतो. नदीच्या उतारापाशी वर्गणीदारांचे दगड आहेत. पुन्हा कुत्रे, पुन्हा प्रेयस्या, लग्नाची मागणी घालणारा एक दगड. त्यांच्या टोकाला, पाण्याजवळ, माझा.

अनू माझ्या खांद्यावरून वाकून वाचू लागली. रोमन अक्षरांतली मराठी ती अडखळत, एकेक तुकडा जोडून वाचत होती. गण-पत-राव. हि-तं. शेवटच्या शब्दापाशी मात्र ती अडखळली नाही. ‘मत्ते’ तिच्या तोंडून जसा निघाला, तसा तो तुझ्याखेरीज कुणी उच्चारलेला मी ऐकलेला नाही. किंचित खाली उतरणारा, खुंटी ठोकल्यासारखा.

मग ती म्हणाली, “काका, ह्याच्यावर लोक डिस्कस करतायत बघा.”

खेळ आधी पाहणाऱ्या इतर वर्गणीदारांची एक चर्चा-जागा आहे. तिथे तू बसवलेल्या दगडावर मोठी खलबते चालली होती. खेळातल्या कुठल्या तरी लुप्त भाषेतला हा मंत्र असावा, असे एकाचे मत. दुसऱ्याने या ओळी उलट्या वाचून पाहिल्या होत्या. तिसऱ्याने शेवटचा शब्द जपानी ठरवला होता. जपानीत त्याचा अर्थ ‘थांब’ असा होतो म्हणे. म्हणून तो दगडापुढे थांबून राहिला होता, काही उघडते का ते पाहत. काही उघडले नाही. त्याने पुन्हा लिहिले होते, कुणाला अर्थ माहीत असेल तर कृपया सांगा.

अर्थात मी अनूला म्हणालो, लिही. तो शब्द जपानी नाही. कन्नड आहे, म्हैसूरच्या मराठी घरांत रुळलेला. त्याचे अर्थ तीन. पहिला ‘पुन्हा’. दुसरा ‘मग’, पण हा बहुधा वाक्याच्या आरंभी येतो, हे ध्यानात घ्यावे. तिसरा ‘नाहीतर काय’, आणि इथे तिसरा लागू पडतो असे वाटेल, परंतु पहिलाही संभवतो, कारण ‘पुन्हा सांगत बसतील’ असाही अन्वय लागतो. तेव्हा मूळ लेखकाच्या मनात कोणता होता हे ठरवण्यासाठी त्याची एकूण बोलण्याची पद्धत—

अनू हसत होती. तू गेल्यापासून तिला हसताना मी पाहिले नव्हते. तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. मी विचारले, काय झाले? तिने नुसते बोट पडद्याकडे केले. दगडाकडे. का हसते ते कळायला मला वेळ लागला, हे नोंदवून ठेवतो.

मी खेळ बंद केला नाही. थोड्या वेळाने म्हणालो, “तुझ्या बापाचे नाव घालायचे तर या ओळी काढाव्या लागतील.”

“लाइन्स ठेवून नुसतं नेम बदललं तर?”

“मग वाक्य खोटे ठरेल. त्याने आयुष्यात कुणाला काही समजावून सांगितले नाही.”

“दोघांचं घालू या.”

“जागा संपली आहे. त्यांनी अक्षरे मोजून दिली आहेत आणि त्याने एकही शिल्लक ठेवलेले नाही.”

तिने पुन्हा दगडाकडे पाहिले. मग हळू म्हणाली, “पण मग अप्पा कुठं आहेत त्यात?”

“नाव माझे आहे,” मी म्हणालो. “बोलणे त्याचे आहे. मी अजून इथे आहे. माझे नाव कुठेही सापडेल. त्याचे बोलणे आणखी कुठे सापडते का ते सांग.”

ती पडद्याजवळ सरकली. त्या नटांनी भरलेल्या खेळात तो एकच मजकूर असा होता, जो कुणी बोलून दाखवत नव्हता. स्वतःच वाचावा लागत होता. तिने तो पुन्हा एकदा, या वेळी न अडखळता, वाचला.

“राहू दे मत्ते,” ती म्हणाली.

हा निर्णय माझा आहे, तुझा विजय नव्हे. दगडांबद्दलचे माझे मत कायम आहे. परक्याच्या रचलेल्या मुलखात आपली नावे रोवणे हा उद्धटपणा आहे. आत्म्याला वारस नसतो. खेळ वाईट आहे. मासेमारी या वेळीही आहे. एवढेच म्हणतो की त्या पहिल्या सकाळी गाडीत वाचून झालेले वर्तमानपत्र घडी घालून मी दुसऱ्या डब्यात जाऊन बसलो असतो तर बरे झाले असते, असे मला कधी वाटलेले नाही. याहून जास्त तुझ्याविषयी मला लिहिता येणार नाही.

उत्तर तुझ्याच पत्त्यावरून जाणार होते. अनूने विचारले, काय लिहू? मी म्हणालो, नाव आणि ओळी दोन्ही बरोबर आहेत, बदल नाही. तिने तेवढेच इंग्रजीत लिहून पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रत्युत्तर आले. खाली कुणा मुलीचे पहिले नाव आहे. वयाने लहान असावी, लिहिण्यावरून वाटते. तिने तुला उद्देशून लिहिले आहे. ‘श्री. कृष्णोजी, खात्री करून दिल्याबद्दल आभारी आहोत. तुमचे मित्र आता नदीकाठी राहतील. त्यांच्यावाचून दिवस काढणे तुम्हाला जड जात असेल. तब्येत सांभाळा. खेळ निघेल तेव्हा त्यांना भेटायला नक्की या.’

अनूने मला ते फोनवर वाचून दाखवले. “काका, कळवू का त्यांना? खरं काय ते?”

मजकूर साफ चुकीचा होता. जो गेला तो मी नव्हतो, आणि जो उरला तो तू नव्हतास. असल्या चुकीवर मी आयुष्यभर लाल शाईने खूण केली आहे.

त्या मुलीच्या कचेरीत मी वारलो आहे. तू म्हैसुरात आहेस, तुझी तब्येत ठीक आहे, आणि खेळ निघाला की तू येणार आहेस.

मी अनूला म्हणालो, कळवू नकोस.